ठरावाविरुद्धचे एक मत

पुण्याच्या मंडईत, त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या छायेत, मेथीच्या जुडीवरून घासाघीस करणाऱ्या शेकडो गिऱ्हाइकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, ज्या महात्म्याचे नाव त्या वास्तूला आज दिलेले आहे, त्याने ती वास्तू बांधण्याच्या बेतालाच नगरपालिकेच्या सभेत हरकत घेतली होती. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उघडलेली ही मंडई प्रारंभी त्या गव्हर्नरांच्याच नावाने ओळखली जाई. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ते नाव गेले आणि जोतीराव फुले यांचे नाव आले. ज्याने खर्चाला विरोध केला, त्याच्याच नावाने तो खर्च चिरंजीव व्हावा, ही इतिहासाची थट्टा मोठी मार्मिक आहे. जोतीरावांचे म्हणणे असे होते की, गोरगरिबांची मुले अक्षरशत्रू राहिली असताना नगरपालिकेचा पैसा प्रथम त्यांच्या शाळांकडे वळला पाहिजे, दगडी इमारतीकडे नव्हे. मंडई झाली हे बरेच झाले, असे आज आपण म्हणू. तिने शहराची सव्वाशे वर्षांहून अधिक सेवा केली आहे. तरीही जोतीरावांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक कलमापुढे ‘हे कोणासाठी?’ असे विचारणारा एक तरी माणूस सभागृहात बसलेला असावा, मग त्याचे उत्तर प्रसंगी चुकले तरी चालेल, असे मला वाटते.

१८७६ पासून सुमारे सहा वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते सभासदत्व लोकांनी निवडून दिलेले नसून सरकारी नेमणुकीचे होते, आणि नेमणुकीने मिळालेल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची जीभ नेमणूक करणाऱ्याच्या मर्जीपुढे सहसा जड होते, हा सार्वकालिक अनुभव आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीप्रीत्यर्थ शहर शृंगारावे आणि त्याकरिता नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये काढावे, असा ठराव सभेपुढे आला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात उपाशी मुलांसाठी जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला अन्नछत्र चालविले होते. ज्यांनी त्या मुलांच्या पंगती वाढल्या, त्यांना कमानी-पताकांची ही रक्कम कोणत्या नजरेने दिसली असेल, हे निराळे सांगावयास नको. इतर सभासदांनी माना डोलविल्या, जोतीराव एकटे विरुद्ध राहिले आणि ठराव अर्थातच संमत झाला.

पराभूत झालेल्या या एका मताचे मोल काय, असे कोणी विचारील. त्या मताने हजार रुपये वाचले नाहीत, व्हाइसरॉयसाहेबांच्या स्वागताला बाध आला नाही, आणि हात वर करणाऱ्या सभासदांना त्या रात्री झोप लागली नसेल, असे मानण्यासही काही आधार नाही. परंतु नगराचे भवितव्य असे आपण ज्याला म्हणतो, ते मोठमोठ्या आराखड्यांच्या रंगीत नकाशांवर जितके ठरते, त्याहून कितीतरी अधिक अशा किरकोळ कलमांवर ठरत असते. आणि त्या कलमांवर कोण बोलतो, कोण गप्प राहतो व बोलणाऱ्याच्या पाठीशी गावातले कोण उभे राहते, यावरून त्या नगराची प्रकृती कळते. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. जोतीरावांना बांधकामाचे काही कळत नव्हते, म्हणून त्यांनी इमारतीला विरोध केला, असे मुळीच नाही. ते स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा व्यावसायिक संबंध आला होता, दगड, चुना आणि मजुरी यांचे हिशेब त्यांच्या हाताखालून गेले होते, आणि सरकारी कामात पैसा कोणत्या छिद्रांतून गळतो, याची त्यांना पुस्तकी नव्हे तर रोजकीर्दीतली माहिती होती. नीतीला व्यवहाराचे ज्ञान असले म्हणजे तिचा शब्द कसा जड होतो, याचे हे उदाहरण आहे. आपल्याकडे सज्जन माणसे हिशेबाला कंटाळतात आणि हिशेब जाणणारी माणसे सज्जनपणाला हसतात. नगराचे बहुतेक दुर्दैव या दोन वर्गांच्या दुराव्यातून जन्मास येते.

पुणे शहर मुळात वसले तेही स्थानिक पुढारपणाच्याच बळावर. पेशवाईत नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारातून शेटे आणि महाजन यांना वतन मिळे, उदमी लोकांना कौल देऊन बोलावले जाई, काही वर्षे जकात-पट्टी माफ होई, आणि मग वाणी, कासार, साळी, तांबट आपापल्या आळ्या धरून स्थिरावत. कोणी सरदार आपल्या नावाची पेठ वसवी, जशी रास्त्यांनी वसविली. त्या पेठांना पाणी हवे म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून दगडी नळ बांधून शहरातल्या हौदांत पाणी खेळविण्यात आले. ही रचना पाहून आजचा स्थापत्यविशारदही थक्क होतो, आणि ते यथायोग्यच आहे. मात्र त्या हौदांचे कौतुक करताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. त्या पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क नव्हता. जो त्याच शहराचे रस्ते झाडी व मेलेली ढोरे ओढी, त्याला ते शिवण्याचीही बंदी होती. शेटे-महाजनांचे पुढारपण कर्तबगार होते खरे, पण त्याची दृष्टी आपापल्या आळीच्या कोपऱ्यापर्यंतच पोचे.

१८६८ साली जोतीरावांनी गंज पेठेतील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यासाठी त्यांना कोणाची मंजुरी लागली नाही, अंदाजपत्रकात तरतूद करावी लागली नाही, की समिती नेमावी लागली नाही. घर त्यांचे होते आणि हौदही त्यांचाच होता. मंडईला केलेला विरोध किंवा लिटनसाहेबांविरुद्धचे मत यांपेक्षाही मला ही घटना नगरकारभाराच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. कारण जो माणूस पुढे आठ वर्षांनी नगरपालिकेत जाऊन सार्वजनिक पैसा कोणासाठी खर्च होतो असे विचारणार होता, त्याने प्रथम आपल्या खाजगी मालमत्तेला तोच प्रश्न विचारला होता. आपल्या काळच्या पुढाऱ्यांविषयी येथे काही लिहिणे मी टाळतो. वाचक चतुर आहेत.

पुण्याने आपल्या भवितव्याचे दोन मार्ग एकाच महिन्यात, एकाच संकटात पाहिले आहेत. ते साल १८९७. प्लेगने शहर पोखरले होते. सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती खास प्लेग समितीचा कारभार सोपविला, आणि मार्च महिन्यात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागल्या. रोग्यांना वेगळे काढले पाहिजे, घरे स्वच्छ झाली पाहिजेत, यात वैद्यकदृष्ट्या गैर काहीच नव्हते. गैर होते ते एवढेच की, ज्यांच्या माजघरात आणि देवघरात ही माणसे बुटांसह शिरत होती, त्यांना विश्वासात घेण्याची आवश्यकता कोणाला भासली नाही. हुकूम अचूक होता पण माणसे त्यात कोठेच नव्हती. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांच्या आवाजात झाला. याच मार्चमध्ये, शहराबाहेर ससाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणला, त्यातून त्यांनाही रोगाची बाधा झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. लोकमान्य टिळकांनीही शहर न सोडता प्लेगचे रुग्णालय उभारले होते. रोग एकच होता, रोग्याला घरातून हलविण्याचे कृत्यही एकच होते. एका हाताने हलविले तेव्हा लोकांनी दारे लावून घेतली, दुसऱ्या हाताने हलविले तेव्हा आईबापांनी मूल स्वाधीन केले. आपत्तीच्या व्यवस्थापनावर आज ग्रंथ लिहिले जातात. त्यांतील कोणत्याही प्रकरणापेक्षा या एका महिन्याचा अभ्यास अधिक फलदायी ठरेल.

पानशेतच्या पुराविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले, खडकवासलाही टिकला नाही, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढे पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था निघाल्या, आणि सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहतींनी शहराचा नकाशा कायमचा बदलला. वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या एका नळावर भांडलेल्या शेजाऱ्यांनी एकत्र येऊन भागभांडवल जमविले, आणि अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांच्या निवडणुका केल्या. त्या संस्थांच्या सभांत भांडणेही पुष्कळ झाली असतील. पण ती भांडणे आपल्या घराविषयी आपणच निर्णय घेणाऱ्या माणसांची होती.

आता आजच्या पुण्याकडे वळू. नगरपालिकेची १९५० साली महानगरपालिका झाली. २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे तिच्या हद्दीत आली. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक अधिष्ठान मिळाले, प्रभाग समित्या आल्या, स्त्रियांसाठी जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात पुढे क्षेत्रसभांचाही कायदा झाला, पण तो बव्हंशी दप्तरातच निजून राहिला. आणि मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ पुण्याचा, मुंबईचा आणि राज्यातील इतर अनेक शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, कित्येकदा असतोही. परंतु ज्या सभागृहात विरुद्ध मत नोंदविणारा कोणी बसलेलाच नाही, तेथे एकमताने होणाऱ्या निर्णयांचा अभिमान कोणी बाळगावा? त्याहून खेदाची गोष्ट ही की, एवढा दीर्घ काळ नगरसेवक नव्हते याची हळहळ आपल्यापैकी फारशी कोणाला वाटली नाही. कित्येक सुशिक्षितांच्या तोंडून तर ‘बरेच झाले’ असे उद्गार मी ऐकले आहेत. नगरसेवकांनी आपली पत घालविली हे मान्य केले तरी, वकील लबाड निघाला म्हणून न्यायालयच बंद करावे असे कोणी म्हणत नाही.

या उदासीनतेला अपवाद शोधावयाचा तर तो शहराच्या सर्वांत खालच्या पायरीवर सापडतो. कचराकुंड्यांतून कागद, काच आणि पत्रा वेचून पोट भरणाऱ्या स्त्रियांनी, ज्यांतील बहुसंख्य दलित समाजातील होत्या, १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारखा हमालांचा संघटक त्यांच्या पाठीशी होता. या बायकांनी दयेची याचना केली नाही. आम्ही शहराचे काम करतो, तेव्हा आम्हांला ओळखपत्र द्या, अशी त्यांची मागणी होती, आणि ती त्यांनी मान्य करून घेतली. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचा धडा पुण्याच्या बंगल्यांना आणि सदनिकांना या बहुतांशी निरक्षर स्त्रियांनी दाराशी उभे राहून शिकविला आहे. तो धडा शिकण्यास त्या घरांतील पदवीधरांनी किती वर्षे लावली, हा विषय वेगळा.

दुसरीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या ग्रामस्थांनी आमच्या शिवारात शहराची घाण का, असे विचारून कचऱ्याच्या गाड्या वेळोवेळी अडविल्या. त्यांच्या विहिरींचे पाणी नासले होते, दुर्गंधीने गावात सोयरीक जुळणे कठीण झाले होते. शहरात त्या वेळी ढीग साचले, नाके दाबली गेली, आणि ‘गावकऱ्यांची अडवणूक’ म्हणून पुष्कळ ओरड झाली. माझ्या मते शहराला त्याच्या हद्दीचा खरा अर्थ शिकविला तो या अडवणुकीने. कचरा जिरविण्याची विकेंद्रित केंद्रे शहरात उभारण्याचा जो थोडाफार यत्न झाला, त्यामागे तज्ज्ञांच्या अहवालांपेक्षा फुरसुंगीच्या रस्त्यावर आडव्या बसलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे. पेशवाईतल्या हौदाचे पाणी ज्याला वर्ज्य होते तो, आणि ज्याच्या शेताच्या बांधाशी शहराने आपला उकिरडा नेऊन ठेवला तो, हे दोघेही शहराच्या हिशेबाबाहेर ठेवले गेलेले लोक होत. आपला समावेश त्या हिशेबात करण्यास त्यांनी शहराला ज्या ज्या वेळी भाग पाडले, त्या त्या वेळी शहर थोडे अधिक राहण्यालायक झाले.

पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात समाविष्ट करावयाची लहान कामे नागरिकांकडून मागविण्याची प्रथा सुरू केली. प्रथा स्तुत्य आहे. तिच्यातून पदपथ, बाके, दिव्यांचे खांब आणि फरशा यांच्या मागण्या येतात, आणि त्या बहुधा अर्जदाराच्या स्वतःच्या गल्लीपुरत्या असतात. शेटे-महाजनांची आळी अजून आपल्या डोक्यातून गेलेली नाही. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या वेळी हा अर्ज भरताना आपल्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे जी वस्ती आहे, तेथे एकदा जाऊन, तेथल्या बायकांना पाण्याविषयी आणि शौचालयाविषयी विचारून, त्यांनी सांगितलेले एक काम आपल्या नावाने व सहीने लिहावे. आणि ते नामंजूर झाल्यास क्षेत्रीय कार्यालयात जाऊन त्याचे कारण लेखी मागावे.