'माझी मुले' म्हणजे कोण?

मी : शेजारच्या काकांनी मृत्युपत्राच्या मसुद्यात लिहिलंय, 'माझी मिळकत माझ्या मुलांना समान भागांत.' काकूंच्या पहिल्या लग्नाचा मुलगा लहानपणापासून याच घरात वाढला. तो त्यात येणारच ना, आत्या?

आत्या : सख्खी मुलगी कोर्टात म्हणेल, मुलं म्हणजे पोटची, फार तर दत्तक. मग?

मी : 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 74 म्हणतं, कायद्याची भाषा नको, हेतू कळला की पुरे.

आत्या : हेतू सांगायला माणूस उरलेला नसतो, बाळा. लछमन सिंग खटल्यात 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या 'मुलग्यां'मध्ये सावत्र मुलगा मोडत नाही. तो येतो नवऱ्याचा वारस म्हणून, मागच्या रांगेत. निकाल मृत्युपत्रावरचा नाही, पण समोरचा वकील तोच पुढे करणार. सावत्र बापामागे तर त्याला रांगच नाही.

मी : आणि हा निकाल ज्या 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यावरचा, त्याच कायद्यात बापाची विधवा, म्हणजे सावत्र आई, सावत्र मुलाची वर्ग 2 मधली वारस! हा अन्याय आहे.

आत्या : आहेच. म्हणून तर मृत्युपत्र करायचं. त्याचं नाव घालायला काकांचा हात का अडखळतो?

मी : कारण मग 'पत्नीचा पहिल्या विवाहापासूनचा मुलगा' असं लिहावं लागतं. त्याला आत घ्यायचं, तर आधी तो बाहेरचा असं लिहून द्यायचं.

आत्या : कोण म्हणतं? लिहा, 'या मृत्युपत्रात माझी मुले म्हणजे अमुक आणि अमुक. त्यांपैकी कुणी माझ्याआधी वारल्यास त्याचा भाग त्याच्या संततीला.' नातं सांगायचंच नाही.

मी : उद्या त्यानेच मूल असलेल्या बाईशी लग्न केलं, तर 'संतती' म्हणजे पुन्हा कोण?

आत्या : तेही लिहावं लागेल. पण मला दुसरंच खुपतंय. जन्मदात्याचा तो आजही वर्ग 1 चा वारस आहे. आईच्या दुसऱ्या लग्नाने तो हक्क जात नाही. मुलीला बाप एकच. मग समान म्हणजे काय?

मी : त्या बापाने कधी विचारपूससुद्धा केली नाही!

आत्या : तू आत्ता कायद्यावर चिडलास, तो रक्त बघतो, सांभाळ बघत नाही म्हणून. तो मुलगा तिकडचं रक्ताचं घेणार आणि इकडचं सांभाळाचंही.

मी : तिकडून काही मिळेल याची खात्री काय? काकांनी त्याला मुलगा मानलं ते हिशेब करून नव्हे. भाग समानच हवेत.

आत्या : बरं. मग हे मुलीला आज सांगायचं, की तिने मृत्युपत्र उघडल्यावर वाचायचं?