प्रश्न गावाचा, अभ्यास विद्यापीठाचा

विद्यापीठाने भोवतालच्या लोकांच्या उपयोगी पडावे, ही अपेक्षा आता सर्वमान्य आहे. पण ती तशी अलीकडची. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते. शेजारच्या वस्तीशी त्याचा संबंध यावा, असे कोणाच्या मनातही नव्हते.

हा संबंध प्रथम जुळला तो शेतीमुळे. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रांची जोड मिळाली. विस्कॉन्सिन विद्यापीठात काय घडले, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. तिथे दूध वजनावर विकत घेतले जाई. त्यामुळे सकस दूध घालणाऱ्याला आणि पाणी मिसळणाऱ्याला सारखाच दर मिळे. स्टीफन बॅबकॉक या प्राध्यापकाने १८९० मध्ये गंधकाम्ल वापरून दुधातला स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत बसवली आणि तिचे पेटंट न घेता ती सर्वांना खुली केली. गावच्या डेअरीत आज ‘फॅट’वर दर ठरतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. विद्यापीठाचा लाभ राज्यातल्या प्रत्येक घरापर्यंत पोचला पाहिजे, असा आग्रह याच विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी पुढे धरला. तरीही या साऱ्या व्यवस्थेत ज्ञानाची वाट एकाच दिशेची राहिली : देणारे विद्यापीठ, घेणारा शेतकरी.

शहरात वेगळी वाट निघाली. लंडनच्या गरीब पूर्व भागात १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल सुरू झाला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण तिथे वस्तीतच राहू लागले. त्याच प्रेरणेने क्लिफर्ड मॅनशर्ट यांनी मुंबईत नागपाडा नेबरहुड हाउस उभारले आणि १९३६ मध्ये, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे ते पहिले संचालक झाले. वस्तीतले काम हाच अभ्यासाचा भाग, ही रीत इथे पक्की झाली. १९८४ मध्ये या संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पीडित महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे राज्य शासनाने तो स्वीकारला. संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवाही १९९६ मध्ये याच संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली.

खेड्यातही अशीच वाट शोधली गेली. रवींद्रनाथ टागोरांनी १९२२ मध्ये विश्वभारतीजवळ श्रीनिकेतन सुरू केले. ग्रामपुनर्रचनेचे ते काम सांभाळणारे लिओनार्ड एल्महर्स्ट अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शेतीशास्त्र शिकून आलेले होते.

स्वतंत्र भारतात या विचाराला सरकारी रूप आले. राष्ट्रीय सेवेचा आराखडा तयार करण्यासाठी १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली. महाराष्ट्रातला मोठा दुष्काळ अजून ताजा असताना, १९७३ मध्ये, शिबिरांचा विषयही दुष्काळाशी लढण्याचाच होता. एनएसएसने लाखो शहरी मुलांना पहिल्यांदा खेड्यात मुक्कामाला नेले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र विषय वरून ठरायचा आणि विशेष शिबिर सात दिवसांचे. एवढ्यात रस्ता होतो, झाडे लागतात. गावाला नेमके काय हवे, हे विचारायला उसंत राहत नाही. १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधनाच्या बरोबरीने विस्तारकार्याला मान्यता दिली, तेव्हाही जोर लोकांपर्यंत पोचण्यावरच होता.

याहून खोल प्रयोग वर्ध्याजवळ सेवाग्रामला झाला. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी आधी गावात शिबिराला राहतात आणि नंतर आपल्या वाट्याच्या कुटुंबांकडे नियमाने जात राहतात. याच परिसरात आरोग्य विम्याची एक योजना उभी राहिली. तिचा हप्ता सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने आणि ऐपतीप्रमाणे भरायचा होता. गावचा आरोग्यसेवक निवडण्यात गावाचा शब्द चाले. इथे गाव घेणारे उरले नव्हते. ते वाटेकरी झाले होते. हे वळण फार महत्त्वाचे आहे. ज्याने पायलीभर ज्वारी दिली आहे, तो दवाखान्यात गेल्यावर हक्काने बोलतो.

कृषी विद्यापीठांतही काही बदलले. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून गावात राहतात, शेतकऱ्याच्या बांधावर शिकतात. आयआयटी मुंबईत १९८५ मध्ये ग्रामीण भागाला उपयुक्त तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ हे केंद्र सुरू झाले. तिथे नळपाणी योजना का बंद पडते, टँकर कोणत्या वाडीला का लागतो, असे प्रश्न अभियांत्रिकीच्या अभ्यासाचे विषय झाले. मोखाड्यातल्या किंवा कर्जतमधल्या वाडीची पाण्याची अडचण प्रबंधाच्या योग्यतेची ठरणे, ही या साऱ्या प्रवासातली सर्वांत मोठी मजल म्हणावी लागेल.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात समाजाशी जोडलेल्या प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले आहेत. अडचण वेळापत्रकाची आहे. पाणीटंचाई तीव्र होते एप्रिल-मे महिन्यांत. नेमक्या तेव्हा परीक्षा असतात आणि वसतिगृहे रिकामी होऊ लागतात. दर वर्षी तुकडी बदलते, पण गावातली विहीर आणि ग्रामपंचायत तीच असते. म्हणून काम टिकवायचे तर गावाशी वर्षानुवर्षे संबंध ठेवणारा शिक्षक लागतो. आजच्या व्यवस्थेत त्याची बढती बरीचशी शोधनिबंधांवर अवलंबून असते. ग्रामसभेपुढे मराठीत मांडलेल्या अहवालालाही तिथे वजन मिळायला हवे आणि विद्यार्थ्याचे श्रेयांक ठरवताना गावाचे मत घेतले जायला हवे.