पडदा एक, दुकानं अनेक

‘कोणतं किंडल घेऊ?’ असं कुणी विचारलं की पुढचा अर्धा तास इंच, जीबी आणि बॅटरी यांवर जातो. सहा इंची पुरेल का, पाणी उडालं तर चालेल का, रात्री पिवळा उजेड करता येतो का, वगैरे. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण त्यांची उत्तरं मिळाली तरी निवड झालेली नसते. दुकानात हातात घेऊन पाहता येतात त्या गोष्टी या सगळ्या यंत्रांत जवळपास सारख्याच आहेत. ज्या वेगळ्या आहेत त्या खोक्यावर छापलेल्या नसतात.

पडद्याचंच पाहा. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधनातून १९९७ साली ई-इंक नावाची कंपनी निघाली. २००९ मध्ये ती तैवानच्या एका कंपनीने विकत घेतली. ॲमेझॉनचं किंडल, टोरांटोतल्या कंपनीचं कोबो, चीनचं बूक्स, युरोपात खपणारं पॉकेटबुक, या सगळ्यांची नावं वेगळी असली तरी पडदा या एकाच घराण्यातला. त्यात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात, कुपीत पातळ द्रव आणि त्यात पांढरे-काळे कण. दोन्ही कणांवरचा विद्युतभार परस्परविरुद्ध, त्यामुळे विजेचा हलका धक्का दिला की एक रंग वर येतो आणि दुसरा तळाशी जातो. गेलेला कण पुढचा धक्का बसेपर्यंत जागचा हलत नाही. पान उलटताना तेवढी वीज लागते, नुसतं वाचताना पडद्याला जवळजवळ लागतच नाही. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. दिवा लावला तरी त्याचा उजेड मागून डोळ्यांत शिरत नाही, कडेने येऊन पानावर पसरतो. एका इंचात ३०० ठिपके ही बारकाई २०२२पासून सर्वांत स्वस्त किंडलमध्येही आली आहे. तेवढ्या बारकाईत रफार, उकार आणि ‘द्ध’सारखी जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. मग जास्त पैसे कशाचे? बहुतेकदा मोठ्या पडद्याचे, थोडे पाण्यापासूनच्या संरक्षणाचे, आणि अलीकडे रंगांचे. रंगीत पडद्यावर रंग दिसतात ते इंचाला १५० ठिपक्यांनी, आणि रंगाच्या गाळणीमुळे कागद जरा मळकट वाटतो. मुलांची चित्रांची पुस्तकं वाचायची असतील तर ठीक. कादंबऱ्यांसाठी रंगाचे पैसे मोजू नयेत, असं माझं मत आहे.

म्हणजे यंत्र निवडताना आपण निवडतो ते दुकान. किंडल घेतलं की ॲमेझॉनच्या दुकानात खातं उघडतं. तिथे घेतलेलं पुस्तक त्यांच्या यंत्रावर किंवा त्यांच्याच ॲपमध्ये वाचायचं. त्याला बहुतेकदा डिजिटल कुलूप असतं आणि किल्ली दुकानदाराकडे. हा दुकानदार काय करू शकतो ते जुलै २००९ मध्ये जगाने पाहिलं. हक्क नसलेल्या कुणीतरी ऑर्वेलची दोन पुस्तकं दुकानात चढवली होती. ते लक्षात आल्यावर ॲमेझॉनने वाचकांनी विकत घेतलेल्या प्रती त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. पुसलेलं एक पुस्तक ‘नाइन्टीन एटी-फोर’ होतं, लिहिलेलं पुसून टाकणाऱ्या सत्तेची कादंबरी; हा विनोद कुणालाही सुचला नसता. पैसे परत मिळाले, ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. पण छापील पुस्तकाचा दुकानदार पैसे परत करायला म्हणूनसुद्धा आपल्या कपाटाला हात लावू शकत नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा पैसे परत आले आणि पुस्तकं गेली. समासात केलेल्या टिपणांचं काय, तीही सोबतच गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोय ॲमेझॉनने काढून टाकली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५पासून कायदाच केला, की आपण वस्तू विकत नसून वापरण्याचा परवाना देतो आहोत हे दुकानांनी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. आपल्याकडेही व्यवहार हाच आहे. फक्त बारीक टाइपातल्या अटी वाचायचे कष्ट आपण घेत नाही.

कोबो या बाबतीत जरा मोकळं. ते ई-पब हा सर्वत्र चालणारा प्रकार थेट उघडतं, आणि २०२४ची त्यांची यंत्रं उघडून दुरुस्त करता यावीत म्हणून त्यांनी सुट्या भागांची सोय केली. परदेशातल्या मराठी माणसाला आणखी एक फरक पडतो. टोरांटोत राहणाऱ्याला गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची ई-पुस्तकं कोबोवर थेट उसनी घेता येतात, कारण ग्रंथालयांच्या ई-पुस्तकांची ओव्हरड्राइव्ह ही सेवा त्यात बसवलेलीच असते. किंडलवर ग्रंथालयाचं पुस्तक उतरवायची सोय फक्त अमेरिकेपुरती आहे. न्यू जर्सीत असाल तर किंडल चालेल, टोरांटोत कोबोच. मात्र या उसनवारीत मराठी पुस्तकाची आशा धरू नये.

आणि खरी मेख इथे आहे. ई-रीडरविषयी जे लिहिलं जातं ते इंग्रजी वाचकाला समोर ठेवून. त्याला हवं ते बहुतेक सगळं कुठल्याही दुकानात मिळतं, म्हणून तो इंच आणि ठिपके मोजत बसू शकतो. मराठी वाचकाचं कपाट तीन ठिकाणी विखुरलेलं आहे. काही पुस्तकं किंडलच्या दुकानात आहेत; डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने भारतीय भाषांतली पुस्तकं तिथे आणली, त्यात मराठी पहिल्यापासून होती. काही बुकगंगासारख्या आपल्या दुकानांत आहेत. ती त्यांच्या ॲपमध्ये उघडतात, किंडलवर नाही. तिसरा ढीग स्कॅन केलेल्या पीडीएफचा. जुनी, हक्क संपलेली, कधीच पुन्हा न छापलेली पुस्तकं याच ढिगात सापडतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, तीही पीडीएफमध्येच.

पीडीएफ आली की इंचांचा प्रश्न परततो, पण आता त्याला अर्थ असतो. आपलं नेहमीचं पुस्तक डेमी आकाराचं, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची पडद्याची उंची पावणेपाच इंचांच्या आसपास. म्हणजे स्कॅन केलेलं पान त्यावर निम्म्याहून जेमतेम मोठं दिसतं, आणि वेलांटी कुठे संपली नि मात्रा कुठे लागली ते शोधावं लागतं. सात इंची पडद्यावर ते दोनतृतीयांशापर्यंत जातं. दहा इंचांच्या पडद्यावर मात्र जवळजवळ मूळ आकारात बसतं. जुने दिवाळी अंक तर डेमीहून मोठे आणि दोन-दोन रकान्यांत छापलेले. त्यांच्यासाठी सहा इंची यंत्राचा विचारही करू नये. पीडीएफमधला मजकूर मोकळा करून अक्षरं मोठी करायची सोय इंग्रजीत चालते. मराठीत, त्यातून जुन्या छपाईवर, ती अजून भरवशाची नाही.

ही अवस्था वाचकाने आणलेली नाही. कित्येक वर्षं मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या प्रणालींवर झाली. छपाई उत्तम व्हायची, पण ती अक्षरं युनिकोडमध्ये नव्हती. ती फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरांच्या जागी अगम्य खुणा दिसतात. प्रकाशकाकडे पुस्तकाची संगणकीय प्रत असूनही तिचं ई-पब करायचं तर आधी रूपांतर आणि मग ओळीन् ओळ मुद्रितशोधन, असा नव्याने खर्च. हजार प्रतींची आवृत्ती खपवताना ज्याची दमछाक होते तो प्रकाशक हा खर्च का करील? मग पानांचे फोटो काढून पीडीएफ केली की काम भागतं.

यंत्रांकडूनही थोडी हेळसांड आहेच. नुसता देवनागरी टंक असून भागत नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे, आणि शंभर पानं हिंदी वळणाचा ‘ल’ वाचत राहणं मला खुपतं. काहींना ही नसती चिकित्सा वाटेल. उपाय आहे: किंडल आणि कोबो दोन्हीकडे स्वतःचा टंक टाकता येतो. आयआयटी मुंबईने केलेला शोभिका किंवा ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता उतरवून घ्यावा आणि यंत्राच्या फाँटच्या फोल्डरमध्ये ठेवावा.

तेव्हा निवडीचा निकाल असा. वाचन मुख्यतः इंग्रजी, मराठी अधूनमधून आणि तेही नवं, तर साधं किंडल घ्या. त्याहून महाग घेण्याचं कारण नाही. एकाच दुकानाला बांधून घ्यायचं नसेल, फाइली स्वतः जमवायची हौस असेल, तर कोबो. भारतात कुठलंही घेताना बिघडल्यावर कोण दुरुस्त करील हे आधी विचारा. बुकगंगावरची पुस्तकं आणि स्कॅनच्या पीडीएफ हेच मुख्य वाचन असेल, तर अँड्रॉइडवर चालणारं, दहा इंची, बूक्ससारखं यंत्रच उपयोगाचं. ते महाग आहे, त्याची बॅटरी किंडलइतकी टिकत नाही, आणि ॲपमध्ये पान उलटल्यावर आधीच्या पानाची पुसट सावली कधीकधी मागे राहते. तेवढं सोसायची तयारी हवी.

प्रकाशकांना एक विनंती. कुलूप नसलेलं, युनिकोडमधलं ई-पब थेट वाचकाला विका. चोरीची भीती खरी आहे, पण स्कॅन करून फिरवल्या जाणाऱ्या पीडीएफ आजही कुलपांना न जुमानता फिरतच आहेत. कुलपाचा त्रास होतो तो पैसे मोजणाऱ्यालाच. हक्क संपलेल्या लेखकांसाठी, म्हणजे गडकरी, हरिभाऊ आपटे, साने गुरुजी यांच्यासाठी, मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक मजकूर टंकून ठेवत आहेत, आणि तिथून ई-पब फुकट उतरवता येतं. व्यावसायिक प्रकाशकांना हे अशक्य नाही.

आणि वाचकहो, यंत्र मागवण्याआधी एक कागद घ्या. येत्या वर्षात वाचायची वीस पुस्तकं लिहा आणि प्रत्येकापुढे ते कुठल्या दुकानात, कुठल्या रूपात मिळतं ते टिपा. वीसपैकी पंधरा फक्त छापील निघाली, तर यंत्राचे पैसे त्या पंधरा पुस्तकांवर खर्च करा.