मौनाचे प्रमाण आणि कादंबरीचा अधिकार

ज्या व्यक्तीने स्वतःविषयी एक अक्षरही मागे ठेवलेले नाही, तिच्या अंतःकरणात शिरून तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कादंबरीकाराला आहे काय, हा प्रश्न वरकरणी साहित्यशास्त्राचा वाटला तरी मुळात तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे माणूस जे जाणतो ते कशाच्या बळावर जाणतो याचा विचार करणाऱ्या शाखेचा, आणि त्याहूनही अधिक नीतिशास्त्राचा आहे. बार्बरा चेस-रिबू यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॅली हेमिंग्ज’ या कादंबरीने तो ऐरणीवर आणला. कारण अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक व तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांच्याच मालकीची एक गुलाम स्त्री यांच्यातील गुप्त संबंध हा तिचा विषय आहे.

जेफरसन यांच्या पत्नी मार्था १७८२ मध्ये निवर्तल्या. सॅली ही मार्थाची सावत्र बहीण, म्हणजे मार्थाच्या वडिलांना एका गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी होती. जेफरसन फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत असताना, १७८७ मध्ये, त्यांच्या धाकट्या मुलीची सोबतीण म्हणून चौदा वर्षांची सॅली पॅरिसला गेली. फ्रान्सच्या भूमीवर तिला स्वातंत्र्याची मागणी करता आली असती, तरीही १७८९ मध्ये ती व्हर्जिनियाला परतली. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतील एका वृत्तपत्राला सांगितलेल्या हकिकतीनुसार ती तेव्हा गरोदर होती व परत जाण्यास तयार नव्हती. खास सवलती मिळतील आणि होणारी मुले एकविसाव्या वर्षी मुक्त केली जातील, असे वचन मिळाल्यावरच ती निघाली. १८०२ मध्ये जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, पण जेफरसन यांनी त्याला जाहीरपणे कधीच उत्तर दिले नाही.

पुढे दीड शतकाहून अधिक काळ बहुतेक चरित्रकारांनी या मौनाचा अर्थ ‘असे काही घडलेच नाही’ असा लावला. हा निष्कर्ष भारतीय दर्शनांच्या कसोटीवर तपासता येतो. त्यांतील भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धि’, म्हणजे एखादी वस्तू न आढळणे, हे तिच्या अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानतात. मात्र ती वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे, ही त्यामागची अट आहे. मॉन्टिसेलो या व्हर्जिनियातील आपल्या मळ्यावर जेफरसन यांनी ठेवलेल्या दप्तरात ही अट पुरी होत नाही. त्यांच्या शेतीच्या वहीत गुलामांना वाटलेल्या कापडाची आणि घोंगड्यांची नोंद आहे, सॅलीचे व तिच्या मुलांचे नाव आहे, परंतु मुलांच्या पित्याचे नाव नाही. आणि ज्याच्या हातात वही होती त्याला ते नाव लिहायचे नसेल, तर त्या कोऱ्या जागेवरून पित्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

याउलट ‘अर्थापत्ति’, म्हणजे एरवी न जुळणाऱ्या गोष्टींची संगती लावणारी आवश्यक कल्पना, येथे उपयोगी पडते. व्हर्जिनियाला परतल्यानंतर सॅलीला ज्या मुलांची नोंद आहे त्यांचे दिवस गेले, त्या प्रत्येक वेळी जेफरसन मॉन्टिसेलोत होते. तिची दोन मुले १८२२ मध्ये तेथून निघून गेली तेव्हा त्यांचा पाठलाग झाला नाही, आणि उरलेल्या दोघांना जेफरसन यांच्या १८२६ च्या मृत्युपत्राने मुक्त केले. १९९८ मध्ये सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचा जनुकीय दुवा जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी जुळला. ही चाचणी एकटी जेफरसन यांच्याकडेच बोट दाखवत नसली, तरी इतर पुराव्यांसह तिचा विचार करून मॉन्टिसेलोची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेनेही २००० मध्ये त्यांचे पितृत्व अत्यंत संभवनीय मानले. कागदावर भिस्त ठेवणाऱ्या इतिहासकारांनी अविश्वसनीय ठरवलेली गोष्ट अशा रीतीने कादंबरीने आधीच गृहीत धरली होती.

तथापि संबंध सिद्ध झाला म्हणजे प्रेम सिद्ध झाले, असे होत नाही. प्रेमाला नकाराचे स्वातंत्र्य लागते. आणि व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने गुलाम आईचे मूल जन्मतःच गुलाम ठरत होते, गुलामाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध ग्राह्य नव्हती, मालकाने केलेली बळजबरी हा गुन्हाच नव्हता. मॅडिसनची हकिकत छापली गेली त्याच १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. दास्य मनातही रुजवले जाते, हा त्या ग्रंथाचा एक प्रमुख सिद्धान्त मान्य केला, तर बंधनात वाढलेल्या मनाच्या होकाराला संमती म्हणता येत नाही. चेस-रिबू यांनी हे नाते प्रेमाचे म्हणून रंगवले, त्यातील बंधनही दाखवले. तरी नायिकेला प्रेम बहाल करताना नायकाची जबाबदारी हलकी होण्याचा धोका त्यांच्या मांडणीतही उरतोच.

म्हणून कादंबरीकाराचा अधिकार मान्य करतानाच त्याची मर्यादाही आखली पाहिजे. ज्यांना दप्तरात जागा मिळाली नाही त्यांच्या अस्तित्वाची साक्ष कल्पनेने देणे हे न्याय्य आहे, किंबहुना कर्तव्य आहे. परंतु सत्ताधाऱ्याला निर्दोष ठरवील अशी भावना त्या मुक्या व्यक्तीच्या तोंडी घालणे हा तिच्यावर झालेला दुसरा अन्यायच होय.