मोजणीतून सुटलेली

उपकारस्तुतीच्या भक्तीत साक्षीची वेळ आली की मन भरून येते. सिल्वासा येथील आमच्या मंडळीत असेच एक जोडपे कडेवर लेकरू घेऊन उभे राहिले. आठ वर्षांची वाट, वापीला गाडी धरून मुंबईच्या असंख्य खेपा, इंजेक्शने, कर्ज, आणि शेवटी हे बाळ! मंडळीने देवाची स्तुती केली आणि ते योग्यच झाले.

पण त्याच दिवशी मागच्या बाकावर दुसरी एक भगिनी बसली होती. तीही त्याच गाडीने गेली होती. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. तिला साक्ष द्यायला कोणी बोलाविले नाही. भक्तीनंतर एकीने तिला म्हटले, "ताई, विश्वास कुठेतरी कमी पडला असेल." ते आम्ही ऐकले आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची टोचणी म्हणून हा लेख आहे.

प्रश्न असा की, आपण 'यश' म्हणतो तेव्हा कोणाकोणाला मोजतो?

टेस्ट ट्यूब बेबीचाच इतिहास पाहा. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडातील ओल्डहॅम येथे असे पहिले बाळ जन्मले, हे सर्वांस ठाऊक आहे. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात बाळ जन्मले, त्याचाही आपल्याला अभिमान वाटतो. परंतु ओल्डहॅमच्या जुन्या नोंदवह्या पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रियांनी या प्रयोगासाठी आपले शरीर दिले होते, असे दिसले. त्यांतून दिवस गेले पाच वेळा, आणि जिवंत बाळे जन्मली अवघी दोन. जगाने ती दोन बाळे पाहिली. बाकीच्या स्त्रिया रिकाम्या हातांनी घरी गेल्या. त्यांच्यावाचून ही विद्या पुढे गेलीच नसती.

आजही हाच घोळ होतो. दवाखान्याच्या पाटीवर यशाचा मोठा आकडा असतो. पण तो दिवस गेलेल्यांचा, की मूल घरी आलेल्यांचा? उपचार सुरू करून मध्येच थांबलेल्या त्यात धरल्या आहेत काय? चाळिशीजवळची स्त्री आणि पंचविशीची स्त्री एकाच आकड्यात घातली आहे काय? आईच्या लेखी चाचणीचा कागद म्हणजे मूल नव्हे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी नवराबायकोने निर्भयपणे विचारावे, "आमच्या वयाच्या शंभर जोडप्यांनी उपचार सुरू केला, तर किती जणांच्या घरी पाळणा हलला?"

प्रामाणिक संशोधन अशी मोजणी करते. ज्यांचा गर्भ पुन्हा पुन्हा पडला आणि कारण सापडले नाही, अशा ८३६ स्त्रियांचा एक अभ्यास ब्रिटन व नेदरलँड्स येथे झाला व २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहींना प्रोजेस्टेरॉन हे औषध दिले, काहींना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले. औषध घेणाऱ्यांपैकी शंभरांत सुमारे ६६ जणींना बाळ झाले, न घेणाऱ्यांपैकी ६३ जणींना. हा फरक औषधाचा म्हणण्याइतका नव्हता. त्याच डॉक्टरांनी पुढे पुन्हा अभ्यास केला. पूर्वी गर्भ पडलेला असून नव्या गरोदरपणात रक्तस्राव होत असेल, तर या औषधाचा काही उपयोग होतो, असे २०१९ साली त्यांना दिसले. जे निष्फळ ठरले तेही त्यांनी उघड सांगितले. आणि त्या ६३ जणींत केवढी आशा आहे, तीही पाहा!

संशोधनाने आणखी एक ओझे उतरविले आहे. ओळखू आलेल्या शंभर गरोदरपणांत सुमारे दहा ते वीस अकाली संपतात. पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच चूक असते, आणि ती बहुधा योगायोगाने झालेली असते. घागर उचलली, जिना चढला, बसने माहेरी गेली, म्हणून हे घडले नाही. मग तिच्या विश्वासाचे माप घेणारे आपण कोण? शिलो येथे हन्ना मुक्याने रडत होती, तेव्हा एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली. देवाच्या घरातला माणूसही दुःख ओळखण्यात चुकला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, हन्नेची गोष्ट सांगताना शमुवेलाच्या जन्माकडे धावू नका. त्या रडण्यापाशी थोडे थांबा. वर्गातील एखाद्या मुलाची आईही तेच सोशीत असेल.

आणि मंडळीने साक्षी जरूर ऐकाव्यात. पण शंभर मेंढरांच्या दाखल्यात नव्याण्णव जागेवर होती, तरी मेंढपाळाला एक नसल्याचे कळले, कारण त्याने सगळी मोजली होती. आपण मात्र उभे राहिलेल्यांनाच मोजतो. त्या भगिनीच्या घरी आम्ही उशिरा गेलो. उपदेश केला नाही. तिने चहा केला आणि दोन्ही तारखा आपण होऊन सांगितल्या. त्या तारखा आता आमच्या प्रार्थनेच्या वहीत आहेत.