बसवलेली रीडिंग्ज

लंबकाचा प्रयोग तुम्ही बहुधा केला असेल. अकरावीत, नाहीतर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. दोरा, गोळा, स्टॉपवॉच, वीस आंदोलनं, आणि जर्नलच्या शेवटच्या ओळीत गुरुत्वत्वरणाची किंमत: ९.८१. पुण्यात ९.८१, लातुरात ९.८१, रत्नागिरीत समुद्रकाठीही ९.८१.

गंमत अशी की आपल्याकडे ती किंमत ९.८१ नाहीच. गुरुत्वत्वरण विषुववृत्ताकडे कमी आणि ध्रुवांकडे जास्त असतं, उंचीवर गेलं की आणखी थोडं कमी होतं. ९.८१ हा आकडा साधारण लंडन-पॅरिसच्या अक्षांशांवर खरा ठरतो. पुण्यात तो ९.७८ च्या आसपास आहे. म्हणजे वर्षानुवर्षं आपली मुलं पुण्यातल्या लॅबमध्ये उभी राहून लंडनचं उत्तर लिहितात आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळतात.

हा फरक स्टॉपवॉचवर दिसला असता का? अवघड आहे. फरक ०.३ टक्क्यांचा. मीटरभर दोऱ्याच्या लांबीत तीन मिलिमीटर चुकले तरी तेवढाच फरक पडतो. वीस आंदोलनांच्या चाळीस सेकंदांत तो सहा शतांश सेकंदांचा होतो, आणि बटण दाबायला आपल्या बोटाला लागणारा उशीर त्याहून मोठा असतो. तेव्हा प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्याला ९.६ येईल, ९.९ येईल, कधी ९.७ येईल. नेमकं ९.८१ येणं हा योगायोग. साठ जणांच्या वर्गात साठ जणांना येणं हा योगायोग नाही.

याला आपल्याकडे 'रीडिंग बसवणं' म्हणतात. 'मॅनेज करणं' असंही म्हणतात. उत्तर आधी माहीत असतं, मग उलटं गणित करून टेबल भरायचं. ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारणं हे याचंच भावंड: वर काच, खाली ट्यूबलाइट, मित्राच्या शीटवर आपली शीट. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या खोल्यांमधून जो उजेड दिसतो, तो बराचसा काचेखालचा असतो.

मी सिव्हिलची आहे, आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर काँक्रीटची लॅब घेते. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दर आठवड्याला सहीसाठी उघडलेल्या जर्नलच्या रूपात येतो. खोटं रीडिंग लिहिणं चूक आहे का, एवढा सोपा तो नाही. ज्या खोट्याने कोणीच फसत नाही, ते खोटं आहे का, असा तो आहे.

मुलांची बाजू मला मनापासून ऐकावीशी वाटते, कारण ती कच्ची नाही. एका मुलीने मला सरळच विचारलं होतं, "मॅडम, या क्यूबवर कोणाचं घर उभं राहणार आहे?" कोणाचंच नाही. क्यूब फुटला की त्याचा ढिगारा मागच्या भिंतीपाशी जातो. रीडिंग बसवलंय हे मुलांना माहीत, शिकवणाऱ्यांना माहीत, बाहेरून येणाऱ्या एक्सटर्नललाही माहीत. फसवणुकीला फसणारा माणूस लागतो. इथे तर सगळे मिळून एक विधी पार पाडताहेत. सत्यनारायणाच्या पूजेत आपण सुपारीला गणपती म्हणतो तेव्हा कोणी खोटं बोलत नसतं.

यावर मास्तर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं: आज रीडिंग बसवाल, उद्या पूल पाडाल. मला हे उत्तर आवडत नाही. एक तर ते धाकदपटशा आहे, आणि दुसरं म्हणजे ते खरं नाही. जीटी मारून पास झालेली कितीतरी माणसं पुढे चोख कामं करतात, साइटवर स्वतः उन्हात उभी राहून स्लॅब भरून घेतात. हॉस्टेलमधली काच आणि कोसळलेला पूल यांच्यामध्ये बरीच माणसं, बरेच नियम आणि बराच पैसा असतो. थेट रेघ ओढणं हेसुद्धा एक प्रकारे रीडिंग बसवणंच झालं.

मग नुकसान नेमकं कुठे होतं? माझ्या मते आकड्यांच्या विखुरण्यात.

एम-२० काँक्रीट म्हणजे काय, ते आठवा. दीडशे मिलिमीटरचा क्यूब, अठ्ठावीस दिवस पाण्यात, आणि दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद. पण आयएस ४५६ असं म्हणत नाही की प्रत्येक क्यूब वीसवर फुटेल. कोड म्हणतो की वीसच्या खाली जाणारे निकाल शंभरात पाचाहून जास्त नसावेत. काँक्रीट एकसारखं नसतं, खडी कुठे जास्त कुठे कमी, पाणी कुणी चार मग जादा ओतलेलं, हे कोडला मान्य आहे. म्हणून आपण मिक्स वीसवर डिझाइन करत नाही. वीसमध्ये प्रमाण विचलनाची १.६५ पट भर घालतो. एम-२० साठी सुरुवातीला विचलन ४ धरतात, म्हणजे सरासरी २६.६ ची गाठायची. पुढे साइटवरचे निदान तीस निकाल जमले की त्यांच्यावरून खरं विचलन काढता येतं.

आता समजा, साइटवर खरं विचलन ५ आहे. पण लॅबमधला माणूस सवयीने आकडे जवळजवळ आणून लिहितो, आणि कागदावर ते २ दिसतं. ८.२५ ची भर ३.३ वर आली. सरासरी २३.३ पुरेशी वाटू लागली. गणित करून पाहा: खरं विचलन ५ असताना या सरासरीवर वीसपैकी एक नव्हे, साधारण चारांपैकी एक निकाल वीसच्या खाली जाईल. आणि त्या माणसाने एकही आकडा 'वाढवलेला' नाही. सरासरी खरी आहे. त्याने फक्त टेबल नीटनेटकं केलंय.

मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. आपण खोटं म्हणजे फुगवणं समजतो. इथे खोटं म्हणजे सफाई आहे. आणि ही सफाईची सवय आपण मुलांना चार वर्षं मार्क देऊन लावतो.

मागच्या सेमिस्टरला एका मुलाने जर्नलमध्ये तीन क्यूबचे भार लिहिले: ३२८, ४०३ आणि ४७९ किलोन्यूटन. म्हणजे ताकद १४.६, १७.९ आणि २१.३. बाकीच्या ग्रुपांची जर्नल्स २५.१, २५.३, २५.२ अशी, एका ओळीत उभ्या केलेल्या एनसीसीच्या पोरांसारखी. या मुलाची सरासरी १७.९ आली. कोड म्हणतो की एकेका क्यूबचा निकाल सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून दूर नसावा, तसा असला तर तो नमुनाच ग्राह्य नाही. इथे दोन क्यूब बाहेर जात होते. मुलाने निष्कर्षात लिहिलं होतं: "नमुना ग्राह्य नाही." खाली पेन्सिलीने: "पहिला क्यूब भरताना घाई झाली. थराला पस्तीस ठोके द्यायचे होते, मोजले नाहीत. कडेला पोकळ्या दिसत होत्या."

मी इतकी वर्षं हा प्रयोग घेते आहे, पण त्यापेक्षा चांगला निष्कर्ष मी वाचलेला नाही. मात्र मार्कांच्या तक्त्यात एक रकाना होता, 'निकालाची अचूकता', पाच मार्कांचा. तक्त्याप्रमाणे त्याला शून्य आणि एनसीसीला पाच. मी त्याला पाच दिले. दोन ग्रुप तक्रार घेऊन एचओडींकडे गेले, आणि त्यांची तक्रार मला पूर्ण चुकीची म्हणवत नाही. त्यांनी वर्षानुवर्षं ज्याला मार्क मिळत आले तेच केलं होतं. नियम मध्येच बदलले तर खेळणाऱ्याला राग येणारच.

इथे मला माझं मत स्पष्ट सांगायला हवं. जिथे प्रामाणिकपणाचे पाच मार्क कापले जातात, तिथे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणं हा मोठ्यांचा निलाजरेपणा आहे. वीस जणांच्या बॅचला एक मशीन, दोन तास, आणि वर प्रयोगाची संख्या पूर्ण करायची. या हिशेबात खरं रीडिंग बसतच नाही, म्हणून मग रीडिंग बसवावं लागतं.

आणि फसणारा माणूस नाही, हेही पुरतं खरं नाही. जर्नलचं पहिलं पान उघडा. 'प्रमाणित करण्यात येते की' अशा अर्थाचा मजकूर असतो, खाली सही असते. ते पान लॅबमधल्या कोणासाठी नसतं. ते विद्यापीठासाठी असतं, पुढे पदवी बघून नोकरी देणाऱ्यासाठी असतं, त्या इंजिनिअरच्या भरवशावर फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्यासाठी असतं. ही माणसं विधीत सामील नव्हती. सुपारीला गणपती म्हणायचं ठरलं तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मुलाच्या टेबलाने कोणी फसत नसेल, पण मी खाली केलेल्या सहीने फसतं. त्यामुळे या प्रश्नाचं ओझं मुलांपेक्षा माझ्याकडे जास्त आहे, असं मला वाटतं.

हे फक्त आपल्याकडचं किंवा फक्त विद्यार्थ्यांचं आहे, असंही नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ च्या लेखात त्यांनी ५८ थेंबांचे निकाल दिले आणि हे निवडक नाहीत असं बजावलं. त्यांच्या वह्यांमध्ये मात्र त्याहून पुष्कळ जास्त थेंबांच्या नोंदी आहेत. त्यात लबाडी किती आणि अनुभवी माणसाचा अंदाज किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला त्यापुढची गोष्ट जास्त बोलकी वाटते. हवेच्या चिकटपणाची किंमत चुकीची धरल्याने मिलिकन यांचं उत्तर थोडं कमी आलं होतं. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदान समारंभात सांगितलं की नंतरच्या लोकांची उत्तरं एकदम बरोबर आली नाहीत, ती हळूहळू वर सरकत गेली. मिलिकनहून फार वेगळं उत्तर आलं की लोक स्वतःची चूक शोधत बसायचे, जवळचं आलं की शोधायचे नाहीत. म्हणजे नोबेल मिळालेल्या आकड्याभोवतीसुद्धा मोठमोठ्या लोकांनी रीडिंग बसवली, आणि तीही नकळत.

फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल वेगळं काय सांगू? तयार प्रोजेक्ट विकत मिळतो. रिपोर्ट, पीपीटी, वायवाला विचारले जाणारे प्रश्न, सगळं एका पॅकेजमध्ये. विषय कसा निवडतात ते बघितलंत तर तिथेही आधी उत्तरच ठरलेलं असतं: काँक्रीटमध्ये अमुक टक्के राख घातली, ताकद वाढली, छान झालं. ताकद वाढली नाही, असा शेवट असलेला रिपोर्ट मी अजून पाहिलेला नाही.

याच्या उलट एक जुनं उदाहरण मी वर्गात सांगते. डायन हार्टली ही प्रिन्स्टनची विद्यार्थिनी. १९७८ मध्ये तिने पदवीच्या प्रबंधासाठी न्यूयॉर्कची नवी कोरी ५९ मजली सिटीकॉर्प इमारत घेतली. या इमारतीचे खांब कोपऱ्यांत नाहीत, बाजूंच्या मध्यावर आहेत, कारण एका कोपऱ्यात चर्च होतं. हार्टलीने कोपऱ्यावर तिरका येणारा वारा धरून गणित केलं आणि ताण जास्त आले. तिने डिझाइन करणाऱ्या ऑफिसला विचारलं. काळजीचं कारण नाही, असं उत्तर मिळालं, आणि तिने तो मुद्दा प्रबंधात तसाच ठेवला. त्याच वर्षी मुख्य अभियंते विल्यम लमेझरियर यांनी एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे पुन्हा हिशेब केला (तो प्रश्न नेमका कोणाचा, यावर आजही एकमत नाही) आणि मग रात्री-रात्री, गुपचूप, बोल्टच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या गेल्या. गोष्ट बाहेर आली १९९५ मध्ये. धोका तेव्हा वाटला तेवढा होता का, यावर पुढे अभियंत्यांमध्ये मतभेद झाले. माझ्या दृष्टीने त्याने फारसं बिघडत नाही. एका विद्यार्थिनीच्या वहीत न जुळणारा आकडा आला, आणि तिने तो जुळवला नाही, एवढंच मला हवं असतं.

या सेमिस्टरपासून मी एक नियम केलाय. कच्ची रीडिंग्ज लॅबमध्येच, पेनने, त्याच दिवशी माझी सही घ्यायची. खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ. निकाल विखुरलेले आले तर मार्क कापले जाणार नाहीत, कारण लिहिलं तर वाढतील. एचओडींनी परवानगी दिली, 'बघा चालतंय का' म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात एका ग्रुपने पानं आणली. १८.२, २१.७, १९.९. विखुरलेले, पण पंधरा टक्क्यांच्या आत. कारणमीमांसा अडीच पानं: खडीचा आकार, पाण्याचं प्रमाण, ठोक्यांची संख्या, सगळं. वाचून मला फार बरं वाटलं. मग तारीख बघितली आणि चौघांना घेऊन मागच्या क्यूरिंगच्या टाकीपाशी गेले. त्यांचे तिन्ही क्यूब, ग्रुपचा नंबर लिहिलेले, पाण्यात तळाशी होते. सव्विसावा दिवस चालू होता.