विकत घेतलेलं गाणं कोणाचं?

वस्तू माझी आहे, असं केव्हा म्हणता येतं? नैयायिकांच्या चर्चेतली स्वत्वाची एक जुनी कसोटी अशी, की तिचा यथेष्ट विनियोग करता आला पाहिजे: ती वापरता, देता, विकता आली पाहिजे. अमेरिकेतल्या ऑनलाइन संगीताची सुरुवातीची स्पर्धा या कसोटीला लावली, तर तिच्यातला मुख्य वादच पोकळ निघतो. एप्रिल 2003 मध्ये अ‍ॅपलने 99 सेंटला एक गाणं विकायला काढलं. लोकांना संगीत भाड्याने नको, मालकीचं हवं, असं स्टीव्ह जॉब्जचं म्हणणं. उलट बाजूला ऱ्हॅप्सडी आणि नव्या मालकांचं नॅपस्टर मासिक वर्गणीत लाखो गाणी ऐकवत. 2005 मध्ये नॅपस्टरने जाहिरातीत हिशेब मांडला: विकतच्या गाण्यांनी आयपॉड भरायला 10,000 डॉलर, आमच्याकडे महिन्याला 15 डॉलरच्या आत. पण अ‍ॅपलच्या गाण्यालाही डिजिटल कुलूप असे: ठरावीक संगणक आणि आयपॉड यांपलीकडे ते वाजत नसे. सीडीवर उतरवता येई, तेही विक्रेत्याच्या मुभेने. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक या आपल्या ऑनलाइन दुकानाच्या जुन्या ग्राहकांना कळवलं, की परवाने देणारे सर्व्हर बंद होणार. म्हणजे पुढे संगणक बदलला की पैसे मोजलेली गाणी मुकी. ओरड झाल्यावर मुदत वाढली, पण मालकाला मुदतवाढ लागते, यातच सगळं आलं. वर्गणीवाले निदान भाड्याला भाडं म्हणत होते.

कोणी म्हणेल, गाणं ऐकायला मिळालं की पुरे, मालकी हवी कशाला? पण सीडी भाच्याला देता येत होती, जुन्या बाजारात विकता येत होती, वारसांसाठी मागे ठेवता येत होती. देण्याचा अधिकार गेला की उरतो नुसता उपभोग. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: काहीच न साठवणारी वर्गणी हा अपरिग्रहच नव्हे का? मला पटत नाही. जैन आचार्य उमास्वातींनी परिग्रह वस्तूत नव्हे, आसक्तीत पाहिला. आणि नॅपस्टरची जाहिरात तर हावेलाच साद घालत होती. शिवाय त्याग आपल्या वस्तूचा करायचा असतो. वर्गणी थकली म्हणून गाणी गेली, तर त्याला जप्ती म्हणतात. राहिला तिसरा मुद्दा, की विकतच्या गाण्यांचा हा कुलपाचा दोष स्पर्धेनेच दूर केला. हे मात्र खरं. 2007 मध्ये ईएमआय या संगीत कंपनीने बिनकुलपाची गाणी विकायला होकार दिला, त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनही तशीच एमपीथ्री विकू लागलं, आणि मालकी बरीचशी परत ग्राहकाच्या हाती आली. त्यानंतर जे वर्गणीकडे वळले, त्यांनी जास्त गाण्यांच्या बदल्यात ती जाणूनबुजून सोडली. त्यांना कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही.